पैसे आत कधी, बाहेर कधी: भूखंड प्रकल्पासाठी भागीदार शोधताना

मी पहिल्यांदा एका गुंतवणूकदाराकडे गेलो, तेव्हा माझ्या हातात रंगीत नकाशा होता. रस्ते करडे, बागा हिरव्या, प्रत्येक भूखंडावर क्रमांक आणि नकाशा काढणाऱ्याने हौसेने प्रवेशद्वारापाशी रेखाटलेली दोन झाडे. समोरच्या गृहस्थांनी तो जेमतेम अर्धा मिनिट पाहिला, घडी घालून मला परत दिला आणि विचारले, "माझे सर्वांत जास्त पैसे अडकलेले असतील, असा महिना कोणता?" मी नफ्याचे आकडे सांगू लागलो, तेव्हा त्यांनी शांतपणे थांबवले. "नफ्याचा हिशेब मी करीन. तुम्ही मला महिना सांगा." माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि ते नाही हे आम्हा दोघांनाही एकाच क्षणी कळले.

त्यानंतर मी बऱ्याच जणांना भेटलो. थोड्या भेटी जमल्या, पुष्कळशा फसल्या, एक व्यवहार तर अगदी शेवटच्या दिवसांत मोडला. तरीही मोठ्या जमिनीचे भूखंड पाडण्यासाठी भांडवलाचा भागीदार कसा शोधावा, असे कोणी विचारले तर मी आजही त्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. गुंतवणूकदाराला जमीन दाखवून फारसा उपयोग होत नाही, कारण जमिनी त्याने पुष्कळ पाहिलेल्या असतात. आपला पैसा कधी आत जाणार, कशाच्या आधारावर किती काळ अडकून राहणार आणि कोणत्या क्रमाने बाहेर येणार, हे मात्र त्याला दुसऱ्या कोणी नीट सांगितलेले नसते.

या व्यवसायात खर्च आधी आणि उत्पन्न नंतर, हे सर्वांनाच ठाऊक असते. त्याहून कमी लक्षात येणारी गोष्ट अशी, की खर्चाचा सर्वांत जड भाग उत्पन्नाच्या अगदी तोंडावर येतो. आधी जमिनीची रक्कम जाते. मग परवानग्यांचा काळ येतो, ज्यात हातून फारसे पैसे सुटत नाहीत, पण व्याज मात्र रोज चालू असते. प्राथमिक मंजुरी अटींसह मिळाली की रस्ते, गटारे, पाण्याची वाहिनी, वीज यांची कामे सुरू होतात आणि ठेकेदाराची बिले महिन्यामागून महिना येऊ लागतात. बहुतेक ठिकाणच्या नियमांनुसार ही कामे पुरी होऊन अंतिम मंजुरी मिळेपर्यंत, किंवा त्या कामांची आर्थिक हमी दिल्याशिवाय, वेगवेगळ्या भूखंडांची स्वतंत्र मालकी नोंदवता येत नाही. म्हणजे विकण्यासारखा माल कायद्याच्या दृष्टीने अद्याप जन्मालाच आलेला नसतो. म्हणून त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर असे होते: अंतिम मंजुरीच्या आधीचा महिना. त्या महिन्यात जमीन, कामे, शुल्क आणि साचलेले व्याज, सगळे एकाच वेळी अंगावर असते आणि मिळकत शून्य असते.

हा महिना टाळता येत नाही. त्यात अडकणाऱ्या रकमेची उंची मात्र कमी करता येते, आणि ती कमी करण्यापूर्वी आपण विकणार तरी किती, हे आधी मोजावे लागते. नवख्या माणसाची पहिली चूक इथेच होते. दहा हेक्टर जमीन म्हणजे एक लाख चौरस मीटर. पण विकायला तेवढे मिळत नाही. समजा, रस्त्यांत २२ टक्के गेले, मोकळ्या जागेसाठी १० टक्के, सार्वजनिक सोयींसाठी ५ टक्के आणि ओढ्याकाठची किंवा तीव्र उताराची, काही बांधता न येण्यासारखी ३ टक्के. उरले ६० टक्के, म्हणजे साठ हजार चौरस मीटर. तीनशे चौरस मीटरचा एक भूखंड धरला तर दोनशे भूखंड. प्रमाण ठिकाणागणिक बदलते, परंतु आरंभीच्या बैठकीत एकूण क्षेत्रफळाला विक्रीच्या दराने गुणणारा माणूस पाहिला, की अनुभवी गुंतवणूकदार चहा संपण्याची वाट पाहू लागतो.

पुढची गोष्ट जमिनीच्या किमतीची. ती विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यापासून नव्हे, तर शेवटापासून उलटी मोजायची असते. शिकण्यापुरते आकडे घेऊ. सगळे भूखंड विकून १०० येणार असतील, त्यातून कामांना ३५, परवानग्या आणि तज्ज्ञांचे शुल्क ६, विक्रीचा खर्च ५, व्याज ८, अनपेक्षित खर्चाची तरतूद ४ आणि एवढ्या धोक्याच्या बदल्यात हवा असलेला नफा २० वजा केला, की उरतात २२. जमिनीला यापेक्षा जास्त देता येत नाही. आता उत्साहाच्या भरात कोणी ३० दिले, तर नफा कागदावरच १२ वर येतो. कामे एकदशांशाने महागली आणि एक वर्ष उशीर होऊन व्याज ४ ने वाढले, तर तो साडेचारवर उतरतो, आणि अनपेक्षित खर्चाची तरतूद त्यात ओतली तरी साडेआठच्या पुढे जात नाही. जमीन महाग घेतल्याची चूक पुढे कोणत्याही कौशल्याने भरून निघत नाही. विक्रेत्याशी बोलणी झाल्यानंतर गुंतवणूकदाराकडे जाण्याऐवजी, बोलणी चालू असतानाच हा उलटा हिशेब घेऊन जावे, असे मला म्हणून वाटते. किमतीत बदल करायला तेव्हा वाव असतो आणि समोरच्यालाही आपण ठरलेल्या गोष्टीवर सही मागायला आलो आहोत, असे वाटत नाही.

याच आकड्यांत अडकणाऱ्या रकमेची उंची पाहू. सगळी कामे एकदम केली, तर व्याज सोडून २२, ६ आणि ३५ मिळून ६३ अडकतात. तेच दोनशे भूखंड तीन टप्प्यांत पाडले आणि पहिल्या टप्प्याचे काम १५ मध्ये बसवले, तर ४३ अडकतात. पहिल्या टप्प्याचे काम एकतृतीयांश, म्हणजे बाराच्या आत का बसत नाही, असा प्रश्न मला एका हुशार सनदी लेखापालाने विचारला होता. प्रवेशाचा रस्ता, पाण्याची टाकी आणि सांडपाणी बाहेर नेणारी मुख्य वाहिनी ही सगळ्या टप्प्यांची सामाईक कामे असली, तरी ती पहिल्याच टप्प्यात करावी लागतात; म्हणून पहिला टप्पा नेहमी आपल्या वाट्यापेक्षा जड असतो. जो हे आधीच सांगतो, त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही समोरच्याचा थोडा अधिक विश्वास बसतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता वेळ. माझ्या मते या व्यवसायातला खरा कच्चा माल जमीन नसून वेळ आहे, आणि तो सगळ्यांत महाग मिळतो. गुंतवणूकदाराने १०० घातले आणि त्याला १४० परत मिळाले, असे म्हटले तर ऐकायला बरे वाटते. पण हे दोन वर्षांत झाले तर वार्षिक परतावा सुमारे १८.३ टक्के, तीन वर्षांत झाले तर ११.९ टक्के आणि चार वर्षांत झाले तर अवघा ८.८ टक्के. नफ्यातला एक पैसाही कमी न होता परतावा निम्म्याच्या खाली आला. आणि भूखंडांच्या प्रकल्पात दोनाची चार वर्षे होण्यासाठी काही भयंकर घडावे लागत नाही: एका खात्याने दुसऱ्या खात्याचा अभिप्राय मागवला, शेजारच्या जमीनमालकाने हरकत घेतली, पावसाळ्याआधी खडीकरण पुरे झाले नाही, एवढे पुरते. म्हणून मी तीन वेळापत्रके नेतो: सर्व सुरळीत झाल्यास, एक वर्ष उशीर झाल्यास, आणि एक वर्ष उशीर होऊन विक्रीचा वेगही निम्मा राहिल्यास. तिसऱ्या वेळापत्रकात गुंतवणूकदाराचे मुद्दल तरी सुखरूप राहत नसेल, तर तो प्रकल्प कोणापुढेच ठेवू नये.

विक्रीचा वेग म्हणजे महिन्याला किती भूखंड जातात, हा सगळ्यांत जास्त फुगवला जाणारा आकडा आहे. आजूबाजूच्या तयार वसाहतींत गेल्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्ष नोंदणी झालेल्या व्यवहारांवरून तो काढावा. दलालांच्या तोंडी आकड्यांवरून काढू नये. अमेरिकेतल्या फ्लोरिडात १९२५च्या सुमारास भूखंडांची जी प्रचंड तेजी आली होती, तिच्यात लोक प्रत्यक्ष जमीन न घेता केवळ विसार भरल्याच्या कागदांचीच खरेदी-विक्री करीत होते, एकच कागद दिवसातून अनेक हातांतून जात असे आणि प्रत्येक हाताला विक्रीचा वेग अफाट वाटत असे. सप्टेंबर १९२६ मधल्या वादळाने मायामीला झोडपले, त्याआधीच ती तेजी ओसरू लागली होती. हौशी खरेदीदारांची आगाऊ नोंदणी हीच मागणी समजणाऱ्याला मी हे उदाहरण मुद्दाम सांगतो.

भागीदार शोधण्याआधी स्वतःच्या पैशाने करायची कामे कोणती, यावर मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण अनेकांना असे वाटते, की पैसे मिळाले की चौकशी करू. क्रम उलटा आहे. प्रकल्पातले काही धोके असे असतात, जे थोड्या पैशांत आणि पुष्कळ पायपिटीत कमी होतात. ते धोके गुंतवणूकदाराच्या गळ्यात घालणे म्हणजे त्याला सर्वांत महाग भावाने सर्वांत स्वस्त काम विकणे होय.

पहिला धोका मालकीचा. जगात जमिनीच्या मालकीच्या नोंदीच्या ढोबळमानाने दोन रीती आहेत. एकीत शासनाच्या नोंदवहीतले नाव हेच मालकीचा पुरावा मानले जाते. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने आलेल्या कायद्याने ही रीत रूढ केली आणि पुढे ती अनेक देशांनी उचलली. दुसरीत नोंदवहीत दस्त असतात, पण मालकी सिद्ध करण्यासाठी दस्तांची साखळी मागे मागे तपासत जावी लागते. आपली जमीन कोणत्या रीतीत मोडते, यावर वकिलाच्या शोध अहवालाचा खर्च, वेळ आणि त्याची खात्री अवलंबून असते. अहवालात वारसांची नावे, गहाणखत, वहिवाटीचे हक्क, चालू दावे, भूसंपादनाच्या नोटिसा आणि जमिनीवरून जाणाऱ्या वीज किंवा वायुवाहिनीच्या पट्ट्याखालची जागा यांचा उल्लेख नसेल, तर तो अर्धा अहवाल आहे.

दुसरा धोका मोजणीचा. कागदावरचे क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र यांत फरक निघणे इतके सामान्य आहे, की तो निघाला नाही तर मला शंका येते. इंग्रज गणितज्ञ एडमंड गुंटर यांनी १६२० साली वापरात आणलेली ६६ फुटांची साखळी ही मोजणीची जुनी गोष्ट. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, हे गणित इतके सोयीचे होते, की जुन्या नकाशांतल्या अनेक हद्दी अजून त्या साखळीचीच भाषा बोलतात. त्या काळची साखळी ओढताना झालेली वाकडीतिकडी चूक आजच्या उपग्रहाच्या मोजणीत उघडी पडते. माझ्या एका जमिनीत ती चूक सुमारे तीन टक्के निघाली. तीन टक्के ऐकायला लहान वाटतात. पण गेलेली पट्टी नेमकी प्रवेशाच्या रस्त्याला लागून होती आणि तिच्याशिवाय रस्त्याला लागणारी रुंदी भरत नव्हती.

मग पाणी, सांडपाणी आणि प्रवेश. पाण्याचा स्रोत किती, कोणत्या महिन्यात किती, याची चाचणी, सांडपाणी जमिनीत मुरवायचे असेल तर मातीची शोषणक्षमता, पुराची रेषा, उतार दाखवणारा समोच्च रेषांचा नकाशा, आणि सार्वजनिक रस्त्यापर्यंत कायदेशीर, पुरेशा रुंदीचा मार्ग. शेवटच्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, कारण जमीन पाहायला आपण गाडीने आत जातो आणि गाडी आत गेली म्हणजे रस्ता आहे, असे मनाशी धरून चालतो. तो रस्ता शेजाऱ्याच्या मेहेरबानीने वापरला जात असतो, हे नंतर कळते.

ही सगळी कामे करायला वेळ हवा, आणि तोपर्यंत जमीन दुसऱ्याने घेऊ नये म्हणून मालकाशी मुदतीचा करार करावा लागतो. थोडी रक्कम देऊन ठराविक मुदतीपर्यंत ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क राखून ठेवायचा, आणि शक्य असेल तर मुदत तारखेशी न बांधता मंजुरीशी बांधायची. मालक तयार असेल तर जमिनीची रक्कम भूखंड विकले जातील तशी देणे, किंवा मालकालाच प्रकल्पात भागीदार करून त्याला तयार भूखंडांत वाटा देणे, हे त्याहून चांगले मार्ग आहेत. जमिनीचे २२ आधी द्यावेच लागले नाहीत, तर गुंतवणूकदार शोधण्याचे अर्धे काम तिथेच हलके होते. मालक नाखूश असतो, ही गोष्ट वेगळी. मालकाला रोख रक्कम दिसते आणि आपल्याला वेळ दिसतो.

माझा व्यवहार मोडला तो याच मुदतीमुळे. एका गुंतवणूकदाराने तोंडी होकार दिला होता, तीन बैठका झाल्या होत्या, त्यांच्या वकिलांनी मसुदा वाचला होता, आणि मी त्या होकाराच्या भरवशावर दुसऱ्या दोघांना नकार कळवला होता. मुदत संपायला नऊ दिवस असताना त्यांनी कळवले, की त्यांच्या दुसऱ्या एका व्यवसायात रक्कम गुंतली आहे आणि हे या वर्षी जमणार नाही. त्यांचे काही चुकले, असे मी म्हणत नाही. होकार कागदावर नसताना मी तो कागदावर असल्यासारखा वागलो. दिलेली विसाराची रक्कम मालकाने ठेवून घेतली, आणि तो त्याचा हक्कच होता. तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो. बोलणी एकाच वेळी किमान तिघांशी चालू ठेवतो आणि हे तिघांनाही मोकळेपणाने सांगतो. आणि ज्याला एकट्याशीच बोलणी हवी असतील, त्याच्याकडून त्या काळासाठी परत न मिळणारी छोटी रक्कम मागतो. रक्कम देण्यापूर्वी जो अडखळतो, तो पुढेही अडखळणार असतो.

तर मग भेटायचे कोणाला? बँक बहुधा नाही. मंजुरी नसलेल्या कच्च्या जमिनीवर कर्ज द्यायला बँका सहसा तयार नसतात, आणि दिले तरी जमिनीच्या किमतीच्या थोड्याच भागाएवढे. बँक खरी उपयोगी पडते ती प्राथमिक मंजुरीनंतर, कामांसाठी. सुरुवातीच्या काळाचे भांडवल देणारी माणसे वेगळी असतात. घरे बांधणारा व्यावसायिक, ज्याला दोन वर्षांनी तयार भूखंड लागणारच आहेत आणि म्हणून ज्याला परताव्याइतकीच भूखंडांची खात्री मोलाची वाटते. जमीन किंवा गोदामे भाड्याने देऊन संपत्ती केलेला माणूस, ज्याला वाट पाहायची सवय असते. कामे करणारा ठेकेदार, जो बिलाचा काही भाग भूखंडांच्या रूपाने घ्यायला तयार होतो. याला गुंतवणूकदार म्हणावे का, हा वाद घालता येईल, पण त्याने अडकणारी रक्कम कमी होते हे खरे. व्यापारात रोजची उलाढाल करणाऱ्या माणसाकडून मात्र मी आता सावधपणे पैसे घेतो. त्याला पैसा महिन्याला फिरताना पाहायची सवय असते आणि चौदाव्या महिन्यापासून तो रोज फोन करू लागतो.

नातेवाईक आणि मित्र यांच्याकडून थोडी थोडी रक्कम गोळा करून प्रकल्प उभा करण्याचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. त्याबाबत एक कायदेशीर बाब जाणून घेणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९४६ साली हाउई नावाच्या कंपनीचा खटला आला होता. ती कंपनी फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागांचे लहान पट्टे लोकांना विकत असे आणि बागेची मशागत व फळांची विक्री स्वतःच पाहण्याचा करारही देऊ करीत असे. आम्ही तर फक्त जमीन विकली, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने ठरवले, की सामाईक उद्योगात पैसे घालणे आणि त्यावरचा नफा दुसऱ्याच्या श्रमांतून अपेक्षिणे, असे व्यवहाराचे स्वरूप असेल तर त्याला गुंतवणुकीचा करार समजले पाहिजे, मग वरकरणी तो जमिनीचा व्यवहार का असेना. आणि गुंतवणुकीचा करार म्हटला की रोखे-नियमनाचा कायदा लागू होतो. शब्द देशागणिक वेगळे असतील, पण या स्वरूपाचे नियम बहुतेक ठिकाणी आहेत. वीस जणांकडून पैसे घेण्याआधी वकिलाला विचारावे. एकाकडून घेणे त्या मानाने फार सोपे आहे.

रचना कोणती असावी, याचे उत्तर वकील आणि करसल्लागार देतील; मी इतकेच सांगेन, की या एका प्रकल्पापुरती वेगळी कंपनी किंवा भागीदारी संस्था असावी, तिचे वेगळे बँक खाते असावे आणि त्यातून रक्कम काढायला दोन सह्या लागाव्यात. दुसऱ्या कुठल्या उद्योगातले देणे या जमिनीवर येऊन बसले, असे होता कामा नये.

खरे बोलणे होते ते पैसे बाहेर येण्याच्या क्रमाबद्दल, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा तोच आहे. साधारण क्रम असा असतो: आधी बँकेचे कर्ज, मग सर्वांचे मुद्दल, मग मुद्दलावर ठरलेला प्राधान्याचा परतावा, आणि त्यानंतर जे उरेल त्याची वाटणी. उदाहरण म्हणून समजा, भांडवल १००. त्यात गुंतवणूकदाराचे ९० आणि माझे १०. प्राधान्याचा परतावा वर्षाला ८ टक्के चक्रवाढीने, आणि उरलेले निम्मे-निम्मे. कर्ज फेडून हाती १६० आले आणि तीन वर्षे लागली, तर मुद्दलाचे १०० गेले, परताव्याचे २६ गेले, उरले ३४. त्यातले १७ त्यांचे, १७ माझे. त्यांना एकूण १३०.४ आणि मला २९.६ मिळतात. आता तेच १६० पाच वर्षांनी आले असे धरू. परताव्यालाच सुमारे ४७ लागतात, उरतात १३, आणि माझा वाटा साडेसहावर येतो. त्यांना सुमारे १३८.८ मिळतात, मला २१.२ च्या आसपास. रकमेत त्यांना जास्त मिळाले असले, तरी त्यांचा वार्षिक परतावा १३ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला, आणि उशिराचा मार सर्वांत आधी माझ्या खिशावर पडला. हे कोष्टक मी स्वतः मांडतो, समोरच्याने मागण्याची वाट पाहत नाही. उशीर झाला तर आपल्याआधी याचे नुकसान आहे, हे गुंतवणूकदाराला दिसले की पुढच्या अर्ध्या शंका तो विचारीतच नाही.

माझे १० का हवेत, असा प्रश्न नवे लोक विचारतात. कल्पना माझी, कष्ट माझे, मग पैसेही माझेच का? कष्ट बुडाले तर झोप उडत नाही, पैसे बुडाले तर उडते. समोरच्याला आपली झोप त्याच्या झोपेइतकीच हलकी असलेली हवी असते. पैसे खरोखरच नसतील, तर आधी केलेला शोध अहवाल, मोजणी आणि मंजुरीचा खर्च पावत्यांसह भांडवल म्हणून धरावा, अशी विनंती करता येते, आणि समंजस माणूस ती मान्य करतो. व्यवस्थापनाचे मासिक शुल्क मागायचे असेल तर ते माफक असावे आणि आधी लिहून द्यावे. नंतर हळूच मागितलेले शुल्क संबंधांना मुंगीच्या वाटेने पोखरते.

करारात मला महत्त्वाची वाटणारी कलमे थोडी आहेत. जास्तीची रक्कम लागली आणि एकाने दिली नाही, तर त्याचा हिस्सा कोणत्या सूत्राने कमी होणार. कोणत्या निर्णयांना दोघांच्या सह्या लागणार: दर कमी करणे, ठेकेदार बदलणे, कर्ज काढणे, आणि माझ्या नात्यातल्या कोणालाही काम देणे. दोघांपैकी एकाचे निधन झाले तर सह्या कोण करणार. आणि मतभेद मिटलाच नाही, तर एकाने किंमत सांगायची आणि त्या किमतीला विकायचे की विकत घ्यायचे, हे दुसऱ्याने ठरवायचे. लहानपणी एकाने वडी कापायची आणि दुसऱ्याने आधी उचलायची, तोच न्याय. या शेवटच्या कलमात एक खोच आहे, जी मला एका वृद्ध वकिलांनी दाखवली: हा न्याय दोघांच्या खिशात सारखे पैसे असतील तेव्हाच न्याय असतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला दुसरा कमी किंमत सांगून हुसकावू शकतो, म्हणून विकत घेणाऱ्याला रक्कम उभी करायला किमान सहा महिन्यांची मुदत लिहून घ्यावी.

कामांच्या हमीचा विसर पडू देऊ नये. मंजुरी देणारी संस्था कामे पुरी होईपर्यंत, आणि बऱ्याचदा त्यानंतरच्या देखभालीच्या काळातही, बँकेची हमी मागते किंवा काही भूखंड आपल्याकडे अडकवून ठेवते. हे भूखंड शेवटीच सुटतात आणि नफा बहुधा नेमका त्याच भूखंडांत असतो. करांबाबतही तेच: वारंवार भूखंड पाडून विकणे हा पुष्कळ ठिकाणी व्यापार समजला जातो आणि जमीन धरून ठेवून विकण्यापेक्षा त्यावरचा कर वेगळा लागतो, हे हिशेब मांडतानाच विचारून घ्यावे.

सध्याच्या प्रकल्पात माझे जे भागीदार आहेत, त्यांनी पहिल्या बैठकीत काहीच विचारले नव्हते. त्यांनी तिसरे वेळापत्रक, ज्यात उशीरही आहे आणि विक्रीही मंद आहे, तेवढेच मागून घेतले आणि अकरा दिवसांनी फोन केला. "तुमच्या हिशेबात तेविसाव्या महिन्यात खाते रिकामे होते," ते म्हणाले, "आणि पुढचे बिल चोविसाव्यात आहे. ते कोण भरणार?" मी सांगितले, की ती रक्कम मी माझ्या दुसऱ्या जमिनीवर कर्ज काढून भरीन आणि तिच्यावर प्राधान्याचा परतावा घेणार नाही. "हे करारात लिहा," ते म्हणाले. करारात ते सतरावे कलम आहे. आज अठरावा महिना चालू आहे, आणि त्या कर्जाचा अर्ज मी गेल्या आठवड्यात बँकेत देऊन ठेवला आहे.